फळ्याखालचं पाणी

१५ सप्टेंबर

शिक्षकानं रोजनिशी ठेवावी असं बी.एड.ला सांगायचे. आजपर्यंत ठेवली नाही, कारण लिहावं असं काही घडलंच नाही. आज घडलं. सहावीला ‘बल व बलाचे प्रकार’ सुरू केलं आणि पहिल्याच तासाला हसं करून घेतलं.

स्थितिक विद्युत बल दाखवायचं म्हणून प्लास्टिकचा कंगवा केसांवर घासला आणि कागदाच्या कपट्यांजवळ नेला. कपटे जागचे हलले नाहीत. हवा दमट आणि माझ्या केसांना तेल, मग कसले हलतात! मागच्या बाकावरून आवाज आला, “मॅडम, कागद झोपून राहिला.” वर्ग खो खो हसला. जुन्या स्पीकरमधलं चुंबक काढून नेलं होतं, त्यानं टाचण्या ओढल्या म्हणून थोडी इज्जत राहिली.

घनश्याम सर, आमचे मुख्याध्यापक, म्हणाले, “कायले तरास घेता मॅडम, पुस्तकात चित्र हायेत ना.” मला ते झोंबलं. भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलं ते चित्रं दाखवायला नाही. शाळेत प्रयोगशाळा नाही, पण गावाला बोडी आहे, लहानसं तळंच. तिच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, पोरांना नेलं तर अर्धा धडा तिथेच होईल. दगड पाण्यात टाकला की गुरुत्वीय बल. बादली ओढली की स्नायूंचं बल. आणि घर्षण बलासाठी तुडुम.

लग्न होऊन फुलचूरहून इथे आले तेव्हा तुडुम हा शब्दही मला माहीत नव्हता. पाळीच्या आतल्या अंगाला दगडी पायऱ्या आणि त्यांत एकाखाली एक तीन भोकं. प्रत्येक भोकात लाकडाचं बूच, बुचाला लांब दांडा. वरचं काढलं की वरचं पाणी पाळीखालच्या मोरीतून पाटाला जातं, ते संपलं की मधलं काढायचं. ही बोडी माझ्या सासऱ्यांच्या पणज्यानं बांधली असं म्हणतात. आमच्या कापगत्यांच्या घरात त्याचा तोरा अजून आहे, आणि तो माझ्यातही उतरत चालला आहे हे कबूल करते.

१८ सप्टेंबर

संध्याकाळी जेवताना मामाजींना, म्हणजे सासऱ्यांना, सहज विचारलं, की खालचं बूच किती घट्ट असतं? सासूबाई गेल्यापासून आणि माझा नवरा वीरेंद्र रायपूरला नोकरीला असल्यामुळे घरात आम्ही दोघंच, त्यामुळे बोलणं बहुतेक बोडीवरच येतं. त्यांचा चेहरा खुलला. “खालचं? ते कोनाच्या बापानंही निघत नाई, बाई. माज्या आज्यानं बसवलं. उन्हाळ्यात नारळ फोडल्याबिगर त्याले कोनी हात नाई लावत.”

मला हवं होतं तेच मिळालं. तीस पोरं ओढतील, बूच हलणार नाही, आणि ‘घर्षण बल गतीला विरोध करतं’ हे त्यांच्या हातांना कळेल. कंगव्याचं उट्टं निघेल.

धडा कशासाठी आहे हे मामाजींना सांगितलं नाही. त्यांना चकित करायचं होतं.

२० सप्टेंबर

लिहवत नाही. पोरं सगळी सुखरूप आहेत. बोडी नाही.

उजव्या मनगटावर नखांचे लांब ओरखडे आहेत, कशाचे ते आठवत नाही. एक चप्पलही हरवली.

२१ सप्टेंबर

दुसऱ्या कोणी सांगण्याआधी मीच लिहून ठेवते.

आठवीच्या दोघांकडून शाळेचा लाकडी फळा पाळीवर आणवला होता. त्यावर बाण काढून सगळी बलं समजावली. मग खालच्या बुचाच्या दांड्याला दोर बांधला, तो काठावरच्या कहूच्या झाडाच्या फांदीवरून घेतला आणि पोरांना ओढायला लावलं. आचल ही वर्गातली सर्वांत बारीक पोर. तिला ओढायला घेण्यात अर्थ नव्हता, म्हणून तुडुमाच्या पायरीवर, घोटाभर पाण्यात उभं केलं. काम एवढंच, की दांडा हलतो का ते पाहायचं. म्हणजे जिथे एकाही पोराला उभं करायला नको होतं तिथे मी स्वतःच्या हातानं एकीला उभं केलं.

तीस जणांनी ओढलं. हललं नाही. मी खूश. नियम सांगितला, टाळ्या वाजवल्या, तिथेच थांबले असते तर! पण पाळीवरून जाणारे आठवी-नववीचे पोरगे मदतीला आले आणि मी म्हटलं, या, तुम्हीही लावा जोर. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, इथे तर अख्खी बोडीच रिकामी झाली. लाकूड कडकडलं. बूच निघालं ते दोन फाळ्या होऊन. आज्याच्या काळचं लाकूड आतून पोखरलेलं होतं.

पाण्याचा तो आवाज आयुष्यात विसरणार नाही. जिथे दांडा होता तिथे भोवरा फिरायला लागला. आणि मी पळाले.

हे वाक्य पुन्हा वाचलं. खरं आहे ते. मला त्यानंतरचं आठवतं ते थेट पाळीवरचं. मी धापा टाकत उभी, पोरं भोवती रडताहेत, आचल नखशिखान्त भिजलेली. ती वर कशी आली देव जाणे, कोणीतरी ओढली असेल. मी तिला तिथे उभं केलं आणि विसरले. मास्तरीण म्हणवून घेते!

गाव धावलं. मातीची पोती टाकली, ती भोकानं घासासारखी गिळली. तणसाचे पेंढे टाकले, तेही गेले आणि मोरीच्या पाळीपलीकडच्या तोंडातून बाहेर पडले. धानाच्या बांध्या आधीच भरलेल्या, त्यामुळे पाणी सरळ नाल्याला. दुपारपासून दिवस मावळेपर्यंत आम्ही नुसते पाहत होतो. मामाजी देवरीच्या बाजाराला गेले होते. बसमधून उतरले, हातातली पिशवी टाकली. कहूला टेकवलेला फळा उचलून छातीभर पाण्यात शिरले आणि तो भोकावर आडवा सोडला. थप्प असा आवाज झाला आणि सगळं शांत. पाण्यानंच फळा दाबून धरला.

वरची दोन्ही भोकं तोवर पाण्याबाहेर उघडी पडली होती. मामाजी वर आले. माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “घरी चाल.” बस, एवढंच.

२४ सप्टेंबर

शाळेत गेले. घनश्याम सर म्हणाले, “दोन दिवस सुट्टी घेता का?” म्हणजे तोंड दाखवू नका. मी म्हटलं, नाही. तर म्हणाले, “मंग चहा तरी घ्या.” चहा अर्धा ठेवून वर्गावर गेले.

चौकातल्या बाया मला पाहून बोलायच्या थांबल्या. एकीनं हाक मारली, “मॅडम, तब्येत बरी हाय ना?” मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. टोमणाही इतक्या गोड आवाजात मारता येतो हे नव्यानं कळलं.

आईला फोन केला. ती म्हणाली, “बेटा, छोड दे नौकरी, आ जा घर.” फुलचूरला जाऊन काय सांगू? गोंदियात माझ्या मैत्रिणी विचारतील तर काय सांगू, की एका धड्यात तळं संपवलं?

मामाजी पहाटेच बाहेर पडतात, जेवायला येतात, पुन्हा जातात. फुटलेल्या बुचाच्या फाळ्या त्यांनी अंगणातून नेल्या. मला त्या दिसू नयेत म्हणून नव्हे, मी त्यांच्या आज्याच्या वस्तूजवळ असू नये म्हणून. माझ्याबरोबर एका छपराखाली बसणं त्यांना जड जात असणार. जावंच.

३० सप्टेंबर

आचलची आई कुंदाबाई दारात उभी. बोडीच्या पाटावरची शेवटची बांधी त्यांची. पाणी कमी पडलं की पहिला फटका त्यांनाच बसतो. हातात कोचईची, म्हणजे अळूची, पानं होती.

“घ्या मॅडम, वड्या करजा.”

मी पानं घेतली. ती म्हणाली, “पोट्टीचा हात चार दिस सुजून होता. पाचही बोटं उमटली होती मनगटावर. हळद लावली, उतरली आता.”

मी कशीबशी म्हटलं, “माझ्यामुळे झालं.”

“हो ना,” ती म्हणाली आणि माझ्याकडे पाहत राहिली. मग पदरानं डोळे पुसले आणि गेली.

इतकं सरळ, तोंडावर! लेकराचा हात त्या धावपळीत कोणी पिरगाळला असेल, त्याचा हिशेब माझ्याच दारात यायचा. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पानांच्या वड्या केल्या, मामाजींनी दोन जास्त घेतल्या. मला एकही खाववली नाही.

६ ऑक्टोबर

पाऊस गेला तो गेला. आभाळ धुतल्यासारखं निळं आहे, आणि मला ते पाहवत नाही. हलका, लवकर कापणीला येणारा धान तरून जाईल. उशिराचा भारी धान निसवायला आला आहे, त्याला आत्ता एक पाणी लागतं. लोंब्या बाहेर येताना पाणी नसलं की पोचट राहतात, हे मला इथे कोणीही सांगेल, आणि मला कोणी सांगत नाही हेच मोठं.

बोडीत पाणी आहे. पण ते मधल्या भोकाच्या खाली. ते पाटाला जाईल तर फक्त खालच्या भोकातून, आणि त्यावर शाळेचा फळा बसला आहे. कडेला थोडं झिरपतं, तेवढंच. आचलच्या वडिलांनी, ओमेशनं, डिझेल इंजिन लावून पाहिलं. कमळाच्या वेलींनी पाइप तुंबला, इंजिन तापून बंद पडलं.

पाणी निवळ झाल्यामुळे आता पाळीवरून फळा दिसतो. खडू धुऊन गेला, पण चौकटीवर शाळेचं नाव पांढऱ्या रंगात आहे ते स्पष्ट वाचता येतं. येणारा-जाणारा वाकून पाहतो. मी आता शाळेत मागच्या रस्त्यानं जाते.

८ ऑक्टोबर

मामाजींनी सकाळी दाराशी माझी हरवलेली चप्पल ठेवली. धुतलेली, अंगठा नवीन शिवलेला. “पाणी उतरलं तवा तुडुमापाशी सापडली,” म्हणाले, “पार खालच्या पायरीवर, गाळात.” आणि माझ्याकडे पाहत उभे राहिले, जणू मी काही बोलायला हवं होतं.

मी काय बोलू? पळताना पाय इतका सुटला की चप्पलही मागे राहिली, हे आता गावालाही ठाऊक झालं असणार. ती चप्पल घालवत नाही. कपाटाखाली सरकवली.

११ ऑक्टोबर

सहावीला आज रस्सीखेच घेतली. मैदानावर, सपाट जमिनीवर, जिथे काही फुटू शकत नाही. दोन्ही बाजूंची पोरं इतकी सारखी निघाली की दोर जागचा हलेना. आचलनं विचारलं, “मॅडम, दोगंही सारखे ओढून राहिले तं जोर कुठं गेला?”

मी म्हटलं, “जोर आहेच. दोन्हीकडून सारखा आहे, म्हणून वस्तूला तो लागतच नाही.”

बोलले मात्र, फळा माझ्या डोळ्यांपुढे आला. त्याच्यावर पाणी आहे आणि खाली रिकामी मोरी, म्हणून तो दबला आहे. खालीही पाणी भरलं तर? मोरीचं बाहेरचं तोंड पोत्यांनी बंद करायचं. त्या दिवशी पोती टिकली नसती, धार होती, पण आता नुसतं झिरपतं आहे. ते झिरपलेलंच मोरीत साचेल. वर पाणी, खाली पाणी, दोन्हीकडून सारखा दाब. मग फळा उचलायला जोर लागणारच नाही.

घरी येताना पाय जमिनीवर नव्हते. पण दारात मामाजींची जुनी पिशवी दिसली, बाजाराच्या दिवशी त्यांनी टाकली ती, आणि सगळा उत्साह ओसरला. मागेही माझ्याकडे असाच नियम होता. कोणत्या तोंडानं सांगू?

१२ ऑक्टोबर

आमच्या अंगणात बैठक झाली. मी आत, दाराआड.

ओमेश म्हणाला, “लोखंडी सब्बल लावून फळा उचलला पायजे. दुसरा उपाव नाई.”

कोणीतरी म्हणालं, “उचलताच पानी ओढंल ना. पाय गेला भोकात तं?”

“मी जातो,” मामाजी म्हणाले. “मी बसवला, मीच उचलतो. उद्या सकाळी. पाय गेलाच तं म्हातारा पाय हाय.” दोघं-तिघं हसले.

मला माहीत होतं की फळ्याची एक कड उचलली की काय होईल. माझ्या डोक्यात पूर्ण आकृती होती, बाणांसकट. माझ्या जिभेवर वाक्य होतं. आणि मी चहाचे कप विसळत बसले. बाहेर गेले तर सगळे माझ्याकडे पाहतील, ह्या एका भीतीनं. पळणं पायांनीच होतं असं नाही. पाळीवरून पळाले ते निदान एका क्षणात, घाबरून. आज बसल्या जागी, विचार करून पळाले. इतकी लाज मला त्या दिवशीही वाटली नव्हती.

१३ ऑक्टोबर, सकाळ

चहा देताना बोलले. मामाजी सब्बल हातात घेऊन बसले होते. कप दिला आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. बशीवर ताटली उपडी ठेवून दाखवली. शेवटी रडूच आलं.

त्यांनी चहा संपवला. “मंग काल काऊन नाई बोलली?”

“लाज वाटली.”

“लाजेनं धान निसवत नाई, बाई,” ते म्हणाले. सब्बल भिंतीला टेकवली. मग शेजारच्या गोठ्यात गेले आणि खांद्यावर काहीतरी घेऊन आले. नवं बूच. सागाचं, तासून तेलपाणी दिलेलं, लांब दांड्याचं. जुन्या दोन फाळ्या जोडून माप घेतलं होतं. इतके दिवस ते तिथेच बसत होते.

“घरी तासलं असतं,” म्हणाले, “पन ठकठक ऐकून तू आनखी रडली असती.”

आता बोडीवर जायचं आहे. मी सांगायचं आणि गावानं करायचं, असं ते म्हणतात. कपाटाखालची चप्पल काढून घातली, दुसरी चिखलात चालणारी नाही.

१३ ऑक्टोबर, संध्याकाळ

सगळं गाव पाळीवर. मी खाली मान घालून सांगत गेले. मोरीचं तोंड बाहेरून चिखलाची पोती आणि तणस लावून बंद केलं. मग वाट पाहिली. ती वाट फार वाईट होती. कोणी तंबाखू मळत होतं, कोणी इंजिनाला शिव्या देत होतं आणि मी मनातल्या मनात माझ्याच नियमाची परीक्षा घेत होते. चुकला तर? पुन्हा चुकले तर ह्या गावात काय, जिल्ह्यात तोंड दाखवायला जागा नव्हती.

ऊन चढलं तेव्हा पोत्यांना घाम फुटल्यासारखं पाणी दिसलं. मोरी भरली. मामाजी कंबरेला दोर बांधून पाण्यात शिरले. दोराचं दुसरं टोक ओमेशच्या हातात. त्यांनी वाकून फळ्याला नुसता हात लावला.

फळा सुटला. भोवरा नाही, आवाज नाही. लाकूडच ते, तरंगून वर आला आणि शाळेच्या नावासकट हलत हलत काठाला लागला. पोरांनी असा गलका केला की कहूवरचे बगळे उडाले.

मामाजी पायरीवर आल्यावर पोती काढली. पाणी मोरीतून पाटाला लागलं, तोलून-मापून, वेडंवाकडं नाही. पुरेसं गेलं की दांडा धरून नवं बूच वरूनच सोडायचं, पाणीच ते ओढून बसवेल. कोणी माझी स्तुती केली नाही, ते बरं झालं. घनश्याम सर फळा पुसत म्हणाले, “सोमवारी वर्गात आना आता, बोडीत नको.” पहिल्यांदाच मला हसू आलं.

पाण्यामागोमाग मी पाटाच्या कडेनं चालत निघाले. ते शेवटच्या बांधीला लागतं की नाही हे माझ्या डोळ्यांनी पाहायचं होतं. आचल बरोबर आली. दिवस कलता कलता पाणी कुंदाबाईच्या धानात शिरलं. ती बांधावर उभी होती. तिनं ओंजळीत पाटाचं पाणी घेऊन डोळ्यांना लावलं.

परत येताना पाट ओलांडायचा होता. काठ ओला, घसरडा. मी आचलचा हात धरला. तिनं अंग आकसलं.

“मॅडम, या खेपेले हळू धरजा,” ती म्हणाली. “तवा लय दुखलं होतं. मी नखंही मारली तुमाले, तरी नाई सोडलं.”

मी विचारलं, “कधी गं?”

ती माझ्याकडे अशी पाहत राहिली, की हे काय विचारणं झालं. मग तिनं तुडुमाकडे बोट दाखवलं, खालच्या पायरीकडे.

मी हात सोडला नाही. सैल धरला, आणि आम्ही दोघींनी पाट ओलांडला.